पाऊस का रुसतो? सर गिल्बर्ट वॉकर यांचे जीवन



पुण्याला जाणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांनी शिवाजीनगरचा सिमला ऑफिस चौक पाहिला असेल. तेथील दगडी इमारत हवामान खात्याची आहे. पुण्यात सिमला कोठून आले, हा प्रश्न सेमिनरीत असताना आम्हालाही पडला होता. उत्तर सोपे निघाले. खात्याचे मुख्य कार्यालय पूर्वी सिमल्याला होते. ते १९२८ साली पुण्यास आले आणि जुने नाव इमारतीला चिकटले. त्या कार्यालयाचे सिमल्यातील एक प्रमुख सर गिल्बर्ट वॉकर यांची ओळख आज करून देत आहोत. जून उजाडला की मिस्सानंतर दारातच आम्हाला विचारणा होते, फादर, यंदा पाऊस कसा? आमच्यापाशी उत्तर नसते. वॉकर यांनी मात्र भारतात वीस वर्षे या प्रश्नामागे घालविली.

त्यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल गावी झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात ते गणित शिकले आणि १८८९ साली विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. अभ्यासाच्या ताणाने पुढच्याच वर्षी प्रकृती ढासळली आणि काही हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. तेथे ते बर्फावर स्केटिंग करायला शिकले. बूमरँग या फेकल्यावर परत येणाऱ्या लाकडी शस्त्राचे त्यांना इतके वेड होते, की मित्रांनी त्यांचे नावच बूमरँग वॉकर पाडले. बासरीची रचना सुधारण्याचाही त्यांना नाद होता. हवामानशास्त्र मात्र ते शिकलेले नव्हते.

मग असा माणूस भारताच्या हवामान खात्यात कसा आला? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले आणि लगेच १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ पडला. पाऊस येणार की नाही हे आधी कळावे, अशी सरकारची निकड होती. पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयात बर्फ जास्त पडला की पाऊस कमी होतो, असा आडाखा बांधला आणि १८८६ पासून दरवर्षी अंदाज दिले. त्यांच्यानंतर आलेले एलियट यांनी १८९९ साली चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि नेमके उलटे घडले. त्या वर्षीच्या दुष्काळाने पश्चिम भारत होरपळला. आपला नगर जिल्हाही त्यातून सुटला नाही. वर्तमानपत्रांनी एलियट यांना धारेवर धरले आणि काही वर्षे तर अंदाज जनतेपासून गुप्त ठेवण्यात आले. निवृत्तीच्या वेळी त्याच एलियट यांनी आपल्या जागी एक गणिती सुचविला. स्वतःला जे जमले नाही ते वेगळ्या विद्येच्या माणसाला जमेल, असे मानणे सोपे नसते. हा मोठेपणा आम्हाला विशेष वाटतो.

१९०४ साली वॉकर यांनी सूत्रे हाती घेतली. त्यांनी पाहिले की पाऊस का पडतो याची मते पुष्कळ आहेत, पण ती तपासली कोणीच नाहीत. म्हणून त्यांनी मते बाजूला ठेवली आणि आकडे हाती घेतले. जगभरच्या वेधशाळांतील हवेचा दाब, तापमान, पाऊस, नद्यांचे पूर, बर्फ यांच्या नोंदी गोळा केल्या. एका ठिकाणचा आकडा चढला की दुसऱ्या ठिकाणचा चढतो की उतरतो, हे गणिताने मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. संगणक नव्हते. खात्यातील भारतीय कारकुनांनी हे अफाट गणित कागदावर केले. श्रेय देताना त्यांनाही विसरू नये.

तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला पहिला धडा मिळाला तो असा, की दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. वॉकर यांना हे पक्के ठाऊक होते. शेकडो जोड्या तपासल्या तर काही केवळ योगायोगानेही जुळलेल्या दिसणारच. खरा संबंध आणि योगायोग कसा ओळखावा यावर त्यांनी १९१४ साली स्वतंत्र लेखच लिहिला. आपल्या भाकितासाठीही ते अंदाज या शब्दापेक्षा सौम्य शब्द पसंत करीत आणि संकेत भक्कम असतील तरच बोलत. पंचांग उघडून ठासून सांगणाऱ्यांच्या देशात हा संयम लोकांना फार रुचला असेल असे वाटत नाही.

जाता जाता एक गोष्ट. १९१३ साली मद्रासच्या भेटीत त्यांना बंदरखात्यातील एका तरुण कारकुनाचे गणित दाखविण्यात आले. त्यांनी लगेच मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून शिफारस केली आणि त्या तरुणाला दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

वॉकर यांच्या आकड्यांतून एक मोठी गोष्ट पुढे आली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर उतरतो, आणि तिकडे उतरला की इकडे वाढतो. जणू तराजूची दोन पारडी. याला त्यांनी दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. पण असे का होते, हे ते सांगू शकले नाहीत. १९१८ साली पुन्हा पाऊस रुसला. १९२४ साली ते सर ही पदवी घेऊन मायदेशी परतले व लंडनला प्राध्यापक झाले. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्या कामासाठी त्यांना भारतात आणले होते ते साधले, असे कोणी म्हणू शकत नव्हते.

कारण सापडले ते अकरा वर्षांनी. जेकब ब्येर्कनेस या शास्त्रज्ञाने १९६९ साली वॉकर यांच्या तराजूचा संबंध पेरू देशाच्या किनाऱ्यावरील गरम पाण्याशी जोडला. तेथील कोळी बांधवांनी या गरम प्रवाहाला एल निन्यो म्हणजे बाळ येशू असे नाव दिले होते, कारण तो नाताळच्या सुमारास येतो. एरवी वारे गरम पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाकडे ढकलतात. तेथे हवा वर चढते, ढग होतात आणि तिकडे पेरूजवळ हवा खाली उतरते. एल निन्योच्या वर्षी गरम पाणी पूर्वेला सरकते, ढगही सरकतात आणि आपल्याकडची हवा खाली दबते. ब्येर्कनेस यांनी या फेऱ्याला वॉकर यांचेच नाव दिले.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना बहात्तरचा दुष्काळ आठवतो. खडी फोडण्याची कामे, सुकडी, लाल मिलो. ते एल निन्योचे वर्ष होते. पण १९९७ सालीही एल निन्यो जबरदस्त होता आणि तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. आपल्या मराठी वसंत गोवारीकरांनी वॉकर यांच्याच वाटेने जाऊन सोळा घटकांचे सूत्र बांधले, ते १९८८ पासून खात्याने वापरले. २००२ साली ते फसले आणि बदलावे लागले. आता एप्रिलमध्ये खात्याचा पहिला अंदाज येतो तो समुद्र आणि हवा एकत्र धरणाऱ्या संगणकी गणितावर. तो अंदाज साऱ्या देशाचा असतो. अकोल्यात धो धो आणि पाथर्डीत कोरडे, हे त्यातून समजत नाही. सगळ्या भारताला एकच आकडा लागू पडत नाही, हे ओळखून वॉकर यांनी दख्खनच्या पठारासह द्वीपकल्पाचा आणि वायव्य भारताचा विचार वेगवेगळा केला होता. ईशान्येकडच्या पावसाचाही त्यांनी स्वतंत्र विचार केला होता.