वसईचा गोन्सालो आणि आपली भीती



आपल्या धामणकर नाक्यावरून अंजूरफाट्याला गेले की तिथून खारबाव, कामण, चिंचोटी करत रस्ता वसईकडे जातो. आपल्यापैकी कितीतरी जण या वाटेने लग्नाला, सणाला, नातेवाइकांकडे जातात. याच वसईत १५५७ च्या सुमारास एक मुलगा जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, कोकणपट्टीची. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून आज जगभरची ख्रिस्तसभा त्याला ओळखते. त्याची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. या रविवारी त्या तसबिरीमागचा माणूस थोडा जवळून पाहू या.

त्या काळी वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली गोन्सालोचे शिक्षण झाले. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो त्यांच्याबरोबर जहाजाने जपानला गेला. तिथे तो जपानी भाषा उत्तम शिकला आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबला. येशूसंघात ब्रदर व्हावे ही त्याची मनापासूनची इच्छा होती, पण त्याला प्रवेश मिळाला नाही.

आपण या ठिकाणी जरा थांबू या. ज्यांच्यासाठी घर सोडले, ऐन तारुण्याची वर्षे दिली, त्यांनीच घेतले नाही. अशा वेळी माणूस देवावरच रुसतो. आपल्यातही असे रुसलेले आहेत. गोन्सालो निराश झाला असेलच. त्याने व्यापार सुरू केला आणि त्यात त्याचा चांगला जम बसला. पैसा आला, ओळखी वाढल्या. तिथेच आयुष्य काढले असते तरी कोणी दोष दिला नसता. परंतु मनातली हाक गेली नव्हती. पुढे तो फिलिपीन्समध्ये मनिलाला पोहोचला, तिथल्या फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला आणि ब्रदर म्हणून व्रतबद्ध झाला. एकदा नकार मिळालेल्या माणसाने पुन्हा दार ठोठावले, ही आमच्या मते त्याच्या श्रद्धेची पहिली मोठी परीक्षा होती.

दुसरी परीक्षा १५९३ साली आली. फिलिपीन्सच्या गव्हर्नरने फादर पीटर बाप्टिस्ट यांना आपला वकील म्हणून जपानला धाडायचे ठरवले. त्यांना दुभाष्या हवा होता. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ मध्येच मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता. जपानमध्ये इतकी वर्षे काढलेल्या गोन्सालोला त्या सत्तेची ताकद ठाऊक होती. तरीही तो गेला. हिदेयोशीपुढे उभे राहून तो फादरांचे बोलणे जपानीत सांगू लागला. पुढे क्योटोत राहण्याची मुभा मिळाली. या फ्रान्सिस्कन बंधूंनी तिथे गोरगरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली.

ऑक्टोबर १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यातला माल जप्त झाला. मिशनरी पुढे येतात आणि मागून स्पेनचे सैन्य येते, असा संशय बळावला. हिदेयोशी संतापला. डिसेंबरात अटका झाल्या. जानेवारी १५९७ मध्ये कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन थंडीत क्योटोहून नागासाकीपर्यंत शेकडो किलोमीटरची वाट. निघाले तेव्हा ते चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोघांनाही पकडले आणि सव्वीस झाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत बारा वर्षांचा लुईस होता. श्रद्धा सोडलीस तर जीव वाचेल असे त्याला सांगण्यात आले, पण तो बधला नाही.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. सगळ्यांना भाल्यांनी भोसकण्यात आले. वसईचा गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता. १६२७ मध्ये त्याला धन्यवादित आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत म्हणून घोषित केले. दरवर्षी ६ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा 'संत पॉल मिकी आणि सोबती' यांचा सण साजरा करते, त्या सोबत्यांत आपला गोन्सालो आहे.

हे वाचून काही जण म्हणतील, फादर, ते संत होते, त्यांना भीती वाटली नसेल. आम्हाला तसे वाटत नाही. गेथसेमनी बागेत प्रत्यक्ष प्रभू येशूला घाम फुटला होता. भीती वाटणे पाप नाही. संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमच्या मनात रुतला. धैर्याचे मुख्य काम चाल करून जाणे नाही, संकटात न ढळता टिकून राहणे हे आहे. गोन्सालोने कोणावर हात उगारला नाही. तो टिकून राहिला. आणि हे टिकणे तो निशिझाकावर शिकला नाही. नकारानंतर, भरल्या दुकानातून उठताना, जहाजात पाऊल ठेवताना तो ते थोडे थोडे शिकत आला होता.

आम्हालाही याबाबत कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी रेल्वेच्या डब्यात शेजारच्यांचे तापलेले बोलणे ऐकून आम्ही शर्टावरचा क्रूस हळूच काढून खिशात ठेवला. आम्हाला कोणी काही म्हटले नव्हते. त्या रात्री प्रार्थनेला बसलो तेव्हा गोन्सालोच्या तसबिरीकडे पाहणे जड गेले.

आपल्या शहराने १९७० आणि १९८४ च्या दंगली सोसल्या आहेत. इथे भीतीला जुनी मुळे आहेत. यंत्रमागांची मंदी, भाड्याच्या घराची अनिश्चितता, नाव सांगितल्यावर समोरच्याचा बदलणारा चेहरा, हे आपण जाणतो. आपण थोडे आहोत म्हणून गप्प राहतो. कधी शेजाऱ्याबद्दल काही खोटे ऐकले, तरी आपल्याला काय करायचे म्हणून दार लावून घेतो. भीतीचे खरे नुकसान इथे होते. ती आधी आपली प्रार्थना दबक्या आवाजात आणते, मग आपले प्रेमही आखडते.

म्हणून या आठवड्यात प्रत्येकाने एकच गोष्ट करावी. भीतीमुळे पुढे ढकललेले एक काम उचलावे. आजारी शेजाऱ्याची, मग तो कोणत्याही धर्माचा असो, विचारपूस करावी. अबोला धरलेल्या भावाला फोन करावा. कामावर खरे बोलावे. पाय थरथरतील, हरकत नाही. थरथरत्या पायांनीही चालता येते. तो क्रूस आम्ही परत शर्टावर लावला आहे.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू