वाळूचे कोडे उकलणारी विदुषी

ओहोटीचे पाणी मागे हटले, म्हणजे ओल्या वाळूवर बारीक वळ्या उमटलेल्या दिसतात. जणू कोणी किनाऱ्यावरून मोठी फणीच फिरवली असावी! सपाट वाळूवर या वळ्या कशा उठतात, या प्रश्नाचा ज्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला, त्यांत हर्था आयर्टन या विदुषीचे स्थान मोठे आहे.

हर्थाबाईंचा जन्म १८५४ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टसी येथे झाला. त्यांचे मूळचे नाव सारा मार्क्स. वडील पोलंडहून आलेले ज्यू घड्याळजी होते. १८६१ साली ते वारले आणि शिवणकाम करून संसार चालवण्याची वेळ आईवर आली. नवव्या वर्षी सारा शिक्षणासाठी लंडनला मावशीकडे गेली. सोळाव्या वर्षापासून ती मुलांना शिकवून स्वतःचा निर्वाह करू लागली व आईलाही हातभार लावू लागली. पुढे बार्बरा बोडिशन या थोर मनाच्या स्त्रीच्या साहाय्याने तिला केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात प्रवेश मिळाला. १८८० साली ती तेथील गणिताची परीक्षा उत्तीर्ण झाली. परंतु त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. तेव्हा तिने पुढच्याच वर्षी लंडन विद्यापीठाची पदवी मिळवली.

१८८५ साली विद्युत्शास्त्राचे प्राध्यापक विल्यम आयर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी रस्त्यांवर कार्बनच्या कांड्यांचे विजेचे दिवे असत. ते मधूनच फुसफुसत व त्यांचा प्रकाश अस्थिर होई. तापलेल्या कार्बनला हवेतील प्राणवायू भिडल्यामुळे असे होते, हे हर्थाबाईंनी प्रयोगाने सिद्ध केले.

पुढे पतीच्या प्रकृतीसाठी मार्गेट या समुद्रकाठच्या गावी राहावे लागले असता, वाळूवरील वळ्यांनी त्यांचे लक्ष वेधले. घरी येऊन त्यांनी काचेच्या टाक्यांत वाळू व पाणी घेतले आणि टाकी हलवून लाटा निर्माण केल्या. उथळ पाण्यात लाटेमुळे तळाचे पाणी पुढे-मागे झुलत असते. वाटेत वाळूचा लहानसा उंचवटा आला, की त्यावरून जाणारे पाणी पलीकडच्या बाजूस गरगर फिरू लागते. हा भोवरा खळग्यातील वाळू खरवडून उंचवट्याकडे लोटतो. पाणी उलट फिरले, की तो भोवरा वर उसळतो, त्याच्याबरोबर वाळूचे कण पाण्यात उचलले जातात आणि दुसऱ्या बाजूस नवा भोवरा जन्मतो. असे पुनःपुन्हा होऊन खळगे खोल होतात व उंचवटे वाढतात. पाण्यात तरंगणारी वाळू मग प्रवाहाबरोबर दूर जाते. किनारे कोठे झिजतात व कोठे भरतात, हे जाणण्यासाठी आजही या भोवऱ्यांचा विचार करावा लागतो.

१९०२ साली रॉयल सोसायटी या विख्यात विद्वत्सभेच्या सभासदत्वासाठी त्यांचे नाव सुचवण्यात आले. परंतु विवाहित स्त्रीला कायद्याने सभासद होता येत नाही, असे सांगून ते नाकारण्यात आले. बाईंनी आपले काम थांबवले नाही. १९०४ साली त्याच सभेपुढे त्यांनी वाळूच्या वळ्यांवरील आपला निबंध स्वतः वाचला. असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९०६ साली त्याच संस्थेने त्यांना ह्यूज पदक अर्पण केले. सभासदत्व मात्र दिले नाही! स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीतही त्या हिरिरीने सामील झाल्या.

१९१५ साली पहिल्या महायुद्धात शत्रूने विषारी वायू सोडण्यास प्रारंभ केला. पाण्यातील भोवऱ्यांचे ज्ञान हवेलाही लागू पडते, हे ओळखून बाईंनी खंदकांतील वायू हटवणारा हातपंखा तयार केला. सेनाधिकाऱ्यांनी प्रथम दुर्लक्ष केले. तथापि पुढे असे एक लाखाहून अधिक पंखे सैनिकांना देण्यात आले.

१९२३ साली हर्थाबाईंचे निधन झाले. रॉयल सोसायटीने स्त्रियांना प्रथम सभासद करून घेतले ते १९४५ साली. बाईंना तो दिवस पाहता आला नाही; परंतु बंद दारापुढे निराश होऊन न बसता त्यांनी केलेल्या कार्यामुळे पुढच्या स्त्रियांची वाट सुकर झाली.