विश्लेषण : चिमूटभर जादा दारूने रायफल का फुटते? पॉल व्हिएय यांनी मांडलेले गणित

अमेरिका-युरोपात अनेक नेमबाज रिकाम्या पितळी पुंगळीत नवी टोपी, दारू आणि गोळी बसवून काडतुसे घरीच भरतात. माप चुकले तर रायफल फुटते. प्रसंगी हात, डोळा जातो. थोडीशी चूक एवढी महाग का पडते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांच्या कामातून कळते.

व्हिएय यांनी काय केले?

त्यांचा जन्म १८५४ चा, पॅरिसमधला. एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकून ते सरकारी दारूखात्यात गेले. तेव्हा बंदुकीत काळी दारू असे. धूर भरपूर, नळीत काजळी. आम्लप्रक्रिया केलेला कापूस, म्हणजे गनकॉटन, १८४६ पासून ठाऊक होता. पण तो इतका झटकन पेटे, की बंदुकाच काय, कारखानेही उडाले. १८८४ मध्ये व्हिएय यांनी ईथर व अल्कोहोल वापरून त्याचा लगदा केला, तो लाटून पातळ चकत्या पाडल्या. आता दारू पृष्ठभागाकडून आत, थराथराने जळू लागली. धूर नगण्य, ताकद सुमारे तिप्पट. १८८६ ची लेबेल रायफल याच दारूवर चालली.

धोका कुठे?

दाब वाढला की ही दारू वेगाने जळते आणि वेगाने जळली की दाब आणखी चढतो. जळण्याच्या वेगाचा हा नियम आजही व्हिएय यांच्या नावाने ओळखला जातो. म्हणून दारू दहा टक्के जादा पडली, तर दाब दहा टक्क्यांवर थांबत नाही. पिस्तुलाची झटपट जळणारी दारू चुकून रायफलीच्या काडतुसात गेली किंवा काळ्या दारूचे माप या दारूला लावले, तर पोलादही टिकत नाही.

तुलाँमध्ये काय घडले?

दुसरा धोका साठवणुकीचा आणि तो व्हिएय यांच्याच दारूने दाखवला. तुलाँ बंदरात मार्च १९०७ मध्ये 'येना' युद्धनौका उडाली. सुमारे १२० जण गेले. सप्टेंबर १९११ मध्ये तिथेच 'लिबेर्ते' उडाली. मृतांचा आकडा तीनशेच्या घरात. कोठारातली दारू काळानुसार विघटित होऊन आपोआप पेटते, असा ठपका आला. शोधकर्त्यासाठी याहून कडू निकाल कोणता? पुढे डायफिनाइलअमिन हे स्थिरकारक दारूत मिसळणे रूढ झाले. व्हिएय १९३४ मध्ये वारले.

स्थिरकारकही कालांतराने संपतो. जुन्या डब्यातून आंबूस, झोंबणारा वास किंवा तांबूस वाफ आली, तर ती दारू काडतुसात भरायची नसते आणि घरात ठेवायचीही नसते.