बाळासाहेब खेर आणि गांजाबंदी

नातेपुत्यास आषाढात ज्ञानोबांची पालखी मुक्कामाला असते, आणि शिखर शिंगणापूरचा शंभूमहादेवही तेथून फार दूर नाही. माळ घातल्यापासून व्यसन वर्ज्य मानणारा वारकरी आणि शिवाचे नाव घेत चिलीम ओढणारा बैरागी, दोघेही या वाटेला परके नव्हेत. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने यांपैकी पहिल्याची बाजू घेतली. दारूबरोबर गांजा, भांग व चरसही त्या कायद्याच्या कक्षेत आले. तेव्हा मुख्यमंत्री होते बाळ गंगाधर खेर.

१८८८ साली रत्नागिरीस जन्मलेले बाळासाहेब मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाचे पदवीधर. संस्कृताचे व्यासंगी, व्यवसायाने सॉलिसिटर. पण कायदेभंगात तुरुंगाची वाट धरावयास त्यांनी मागेपुढे पाहिले नाही. १९३७ मध्ये ते प्रांताचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान झाले. दोन वर्षांत मुंबई शहरात दारूबंदी आली. अबकारीचे मोठे उत्पन्न सोडणे सोपे नव्हते. परंतु प्रजेच्या व्यसनावर सरकारने तिजोरी भरू नये, ही त्या पिढीची श्रद्धा होती, आणि बाळासाहेबांच्या बाबतीत ती दिखाऊ नव्हती.

इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये नेमलेल्या आयोगाचे मत वेगळे पडले होते. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, तेव्हा सरसकट बंदी न घालता कर आणि परवान्यांनी नियंत्रण ठेवावे, असे त्याने सुचविले. त्या शिफारशीला महसुलाचा वास येत असेलही. म्हणून तिच्यातील विवेक खोटा ठरत नाही. बाळासाहेबांच्या कायद्याचा हेतू निर्मळ, पण जाळे फार रुंद होते. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा बव्हंशी उचलून धरला. मात्र मद्यार्कयुक्त औषधांना लागू होणारी बंधने रद्द केली. औषध आणि व्यसन यांतील हा फरक भांगेच्या झाडालाही लावावयास हवा होता. फुलोऱ्याच्या शेंड्यांचा गांजा होतो. पण त्याच झाडापासून तंतू आणि बीही मिळते.

बाळासाहेब ८ मार्च १९५७ रोजी निवर्तले. पुढे महाराष्ट्राने दारूपुरते परवाने सैल केले आणि अबकारीचे उत्पन्न पुन्हा तिजोरीत येऊ लागले. १९८५ च्या केंद्रीय कायद्याने गांजावरील बंदी देशभर कडक केली. परंतु भांगेची पाने त्यातून वगळली, आणि औषधी व शास्त्रीय कामासाठी लागवडीस परवानगी देण्याचा अधिकार राज्यांकडे ठेवला. तंतू व बियांच्या लागवडीसाठीही त्यात वाट आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये ती धरली. महाराष्ट्राला तसे करावयाचे तर बाळासाहेबांच्या निष्ठेची थट्टा करण्याचे कारण नाही. दारूच्या बाबतीत राज्याने त्यांचा मार्ग केव्हाच सोडला आहे. गांजाचा विषय निघाला की मात्र त्याला ती निष्ठा आठवते.