फिजीच्या जमिनीचा विश्वस्त : रातू सर लाला सुकुना

प्रशांत महासागरातील फिजी या द्वीपसमूहाशी भारताचे नाते उसाने जोडले. 1879 ते 1916 या काळात साठ हजारांहून अधिक भारतीय मजूर करारावर तेथे नेण्यात आले. या कराराला ते 'गिरमिट' म्हणत. मुदत संपल्यावर बहुतेक जण तेथेच राहिले आणि शेती करू लागले. शेती त्यांची, परंतु जमीन मात्र मूळ फिजीवासीयांची. या दोघांमधील भाडेपट्ट्यांचा गुंता सोडविण्यासाठी ज्यांनी आयुष्याची ऐन वर्षे खर्च केली, ते रातू सर लाला सुकुना. 'रातू' ही तेथील सरदारांची उपाधी.

सुकुना यांचा जन्म 22 एप्रिल 1888 रोजी बाऊच्या सरदार घराण्यात झाला. वडील रातू जोनी मद्राईवीवी यांनी मुलाच्या इंग्रजी शिक्षणाकडे जाणीवपूर्वक लक्ष दिले. न्यूझीलंडमधील वांगानुई येथे शालेय शिक्षण आणि काही वर्षे सरकारी नोकरी झाल्यावर 1913 मध्ये ते ऑक्सफर्डच्या वॉडहॅम कॉलेजात दाखल झाले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. ब्रिटिश लष्कराने त्यांना सामावून घेतले नाही, तेव्हा ते थेट फ्रान्सच्या 'फॉरेन लिजन'मध्ये भरती झाले. आघाडीवर ते जखमी झाले आणि फ्रान्सने त्यांना 'मेदाय मिलितेर' हे शौर्यपदक दिले. युद्धानंतर अर्धवट राहिलेले शिक्षण त्यांनी पूर्ण केले. 1921 मध्ये पदवीधर आणि बॅरिस्टर होऊन ते मायदेशी परतले. पदवी मिळविणारे ते पहिले फिजीवासी.

परतल्यावर त्यांच्या वाट्याला आले ते भूमी आयोगाचे काम. 1874 मध्ये सरदारांनी फिजी ब्रिटनच्या स्वाधीन केले होते. त्यानंतर पहिले गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या विक्रीवर बंदी घातली. त्यामुळे देशातील चार पंचमांशांहून अधिक जमीन 'मातांगाली' या कुळगटांच्या सामुदायिक मालकीची राहिली. पण कोणती जमीन कोणत्या गटाची, हे कागदावर नव्हते. आयोग गावोगाव बसे. वडीलधाऱ्यांकडून कुळांचा इतिहास शपथेवर नोंदवून घेई, हद्दी पाहून निवाडा करी. होडीने, घोड्यावरून आणि पायी फिरून सुकुना यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. कोणत्या कुळाची किती जमीन आहे आणि त्यापैकी किती पडून आहे, याचे त्यांच्याइतके ज्ञान क्वचितच कोणाला असेल.

याच फिरतीत त्यांना भाडेपट्ट्यांचे दुखणे कळले. उसाचा शेतकरी जमीनमालक गटाशी स्वतंत्रपणे बोलणी करी. पट्टा मिळविण्यासाठी वर भेटी द्याव्या लागत आणि मुदत संपल्यावर नूतनीकरणाची शाश्वती नसे. आज ना उद्या जमीन सोडावी लागणार म्हटल्यावर तिचा कस राखण्याची इच्छा कोणाला होणार? दुसरीकडे मालकांना भीती होती, की वाढती भारतीय वस्ती हळूहळू आपली सारी भूमी व्यापील.

सुकुना यांनी काढलेला मार्ग धाडसी होता. 1936 मध्ये सरदारांच्या महापरिषदेत त्यांनी आपल्याच बांधवांची समजूत घातली. गावाच्या निर्वाहाला लागेल तेवढी जमीन राखून ठेवावी आणि उरलेली कसणाऱ्यांना रीतसर पट्ट्याने द्यावी. पट्टे देण्याचा अधिकार मात्र एका विश्वस्त मंडळाकडे सोपवावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क दुसऱ्याच्या हाती देणे सरदारांना सोपे नव्हते. तरीही परिषदेने मान्यता दिली. 1940 मध्ये कायदा होऊन मूळ रहिवासी भूमी विश्वस्त मंडळ अस्तित्वात आले.

त्यानंतर प्रत्येक गटासाठी किती जमीन राखीव ठेवायची, याची चौकशी सुरू झाली आणि तीही सुकुना यांच्याकडेच आली. ते फिजी व्यवहार सचिव झाले, 1946 मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. त्याच वर्षीच्या जनगणनेत भारतीय वंशाच्या लोकांची संख्या मूळ रहिवाशांपेक्षा अधिक भरली आणि जमिनीचा प्रश्न अधिकच धारदार झाला. राखीव क्षेत्रे ठरविण्याचे काम संथ चालले. एखादे शिवार राखीव ठरले, की तेथील भारतीय शेतकऱ्याच्या पट्ट्याचे नूतनीकरण होत नसे. वीस-वीस वर्षे कसलेली जमीन सोडून जाणाऱ्यांच्या दृष्टीने ही व्यवस्था न्याय्य नव्हती. सुकुना हे आपल्या समाजाचे रक्षक होते. शेतकऱ्यांच्या अस्थैर्याचे उत्तर त्यांच्या योजनेत अपुरेच राहिले.

1954 मध्ये ते विधान परिषदेचे सभापती झाले. निवृत्तीनंतर इंग्लंडला जात असताना 30 मे 1958 रोजी जहाजावरच त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे हा वाद शमला नाही. 1966 च्या कायद्याने पट्ट्यांना किमान दहा वर्षांची आणि 1976 च्या कायद्याने तीस वर्षांची मुदत मिळाली. ती मुदत 1997 पासून संपू लागली आणि हजारो भारतीय शेतकऱ्यांना ऊसमळे सोडावे लागले. काही शहरांत गेले, काही परदेशी स्थायिक झाले. ज्या शेतांवर ते राबले, त्यांपैकी कित्येक पुढे पडीक राहिली. त्यात मालकांचेही भाडे बुडाले.

सुकुना यांच्या स्मृतीची सुट्टी 2010 मध्ये रद्द झाली होती. पुढे ती पुन्हा सुरू करण्यात आली. गिरमिटियांच्या स्मरणार्थही 2023 पासून सार्वजनिक सुट्टी देण्यात आली. हे दोन्ही दिवस मे महिन्यातच येतात. एक दिवस जमीन राखणाऱ्याचा, दुसरा ती कसणाऱ्यांचा. या दोघांना एकाच भूमीवर नांदता यावे, हाच सुकुना यांनी हाती घेतलेला प्रश्न होता आणि त्याचे पूर्ण उत्तर फिजीला अद्याप गवसलेले नाही.