इमारती बांधणाऱ्याने टिपली देवयानी

आयझॅक रॉबर्ट्स पोटापाण्यासाठी इमारती बांधायचे. 1829 मध्ये वेल्समध्ये जन्मलेल्या या माणसाने लिव्हरपूलला बांधकामाच्या धंद्यात चांगला पैसा कमावला. दुर्बिणीचा नाद लागला तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर.

त्या काळी तेजोमेघांची चित्रं डोळ्याने पाहून हाताने काढली जात. दोघांनी काढलेली चित्रं जुळतीलच असं नसे. रॉबर्ट्स यांनी फोटोची वाट धरली. 20 इंची आरशाची दुर्बीण करून घेतली आणि काचेची प्लेट थेट तिच्या नाभीपाशी बसवली. जोडीला 7 इंची दुसरी दुर्बीण होती, नेम ढळत नाही ना हे बघायला.

29 डिसेंबर 1888 च्या रात्री त्यांनी देवयानीच्या तेजोमेघाचा प्रकाश 4 तास प्लेटवर पडू दिला. प्लेट धुतल्यावर धूसर पट्ट्याच्या जागी सर्पिल वळणं दिसली.

रॉबर्ट्सना वाटलं, नवी सूर्यमाला घडतेय. ते 1904 मध्ये गेले. पुढे 1920 च्या दशकात एडविन हबल यांनी दाखवून दिलं, की ती आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे. अंदाज चुकला, पण प्लेट खोटी ठरली नाही. त्यांच्या खगोलशास्त्रज्ञ पत्नी डोरोथिया क्लुम्पके यांनी 1929 मध्ये त्यांच्या छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला.

आज गच्चीवरून डिजिटल कॅमेऱ्याने देवयानी टिपणारे हौशी लोकही तेच करतात: नेम धरायचा, प्रकाश साठू द्यायचा आणि घाई करायची नाही.