सेठ जमनालाल बजाज

स्वातंत्र्यपूर्व काळात आजच्या राजस्थानात अनेक संस्थाने होती. त्यांपैकी जयपूर संस्थानात, सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात ४ नोव्हेंबर १८८९ रोजी जमनालाल बजाज यांचा जन्म झाला. बालपणीच ते वर्ध्याच्या सेठ बच्छराज यांच्या कुटुंबात दत्तक गेले आणि वर्धा ही त्यांची कर्मभूमी झाली. शालेय शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. परंतु सचोटी आणि व्यवहारज्ञान यांच्या बळावर त्यांनी व्यापारात नाव मिळवले.

महात्मा गांधी त्यांना आपला पाचवा पुत्र मानत. असहकाराच्या चळवळीत जमनालालांनी ‘रायबहादूर’ हा किताब परत केला. देशासाठी वकिली सोडणाऱ्यांच्या कुटुंबांची आबाळ होऊ नये, म्हणून एक लाख रुपये दिले. इतरांना त्याग करावयास सांगण्यापूर्वी त्याचा भार आपण उचलावा, अशी त्यांची रीत होती.

वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर बजाज घराण्यानेच बांधले होते. तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना प्रवेश नव्हता. ही बंदी जमनालालांना सलत होती. तथापि घराण्याचा अधिकार पुढे करून हुकूम सोडणे त्यांना योग्य वाटले नाही. सनातनी मंडळींचा रोष पत्करून ते विश्वस्तांची समजूत घालीत राहिले. अखेर विश्वस्तांनीच ठराव केला आणि १९२८ साली मंदिर सर्वांना खुले झाले.

जन्मभूमीचाही त्यांना विसर पडला नाही. जयपूर संस्थानाच्या कारभारात प्रजेला वाटा मिळावा, यासाठी जयपूर राज्य प्रजामंडळ ही संस्था झटत होती. १९३८ साली जयपूर येथे भरलेल्या तिच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. महाराजांच्या छत्राखाली, शांततेच्या मार्गाने जबाबदार राज्यपद्धती मिळवावी, हे प्रजामंडळाचे ध्येय होते. त्याच वर्षी संस्थानात दुष्काळ पडला. दुष्काळपीडितांच्या साहाय्यासाठी निघालेल्या जमनालालांना डिसेंबरमध्ये सवाई माधोपूर स्थानकावर प्रवेशबंदीचा हुकूम बजावण्यात आला. तेव्हा ते माघारी फिरले. बंदी उठेना, म्हणून १ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांनी उघडपणे संस्थानात प्रवेश केला. पोलिसांनी त्यांना सीमेबाहेर नेऊन सोडले. ते पुन्हा आले. शेवटी १२ फेब्रुवारीला त्यांना अटक करून मोरांसागर येथे स्थानबद्ध करण्यात आले. प्रजामंडळाच्या अनेक कार्यकर्त्यांनीही तुरुंगवास सोसला.

ऑगस्ट १९३९ मध्ये जमनालालांची सुटका झाली. पुढे वाटाघाटी होऊन १९४० साली संस्थानाने प्रजामंडळाची रीतसर नोंदणी केली. ज्या संस्थेला दरबाराने बेकायदेशीर ठरवले होते, तिला त्याच दरबाराने मान्यता दिली.

११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्धा येथे त्यांचे निधन झाले. बळाचा वापर न करता, स्वतः कष्ट सोसून समोरच्याचे मन वळवण्याचा त्यांचा मार्ग वेळखाऊ होता. परंतु त्या मार्गाने झालेला बदल लोकांना आपला वाटला.